कुसळ काढण्यापूर्वी वाचावे

ही पुस्तिका कोणासाठी

छत्रपती संभाजीनगर शहरात राहणारे, रविवारी उपासनेला किंवा मिस्साला जाणारे, न जाणारे, आणि कोण गेले कोण नाही याची हजेरी ठेवणारे अशा सर्वांसाठी ही पुस्तिका आहे. तिसऱ्या गटातल्या वाचकांनी ती दोनदा वाचावी. संपत्तीचा सोस सोडा आणि दुसऱ्याचा न्याय करत बसू नका, या येशू ख्रिस्ताच्या डोंगरावरील प्रवचनातल्या दोन शिकवणी घरच्या घरी, हाताशी असलेल्या साहित्यात कशा आचरणात आणाव्यात ते तिच्यात सांगितले आहे. पूर्वानुभवाची गरज नाही. उलट पूर्वानुभव नडतो. ज्यांनी या विषयावर वर्षानुवर्षे इतरांना सांगितले आहे त्यांना शिकवणे सर्वांत जड जाते.

पहिला सराव तर तुमच्या नकळत सुरूही झाला. वर शहराचे नाव लिहिले त्याच क्षणी वाचकाने आमच्याविषयी काही तरी ठरवले असणार. २०२३ मध्ये शहराचे नाव अधिकृतपणे बदलले. तेव्हापासून नवे नाव घेतले की एक शिक्का बसतो, जुने घेतले की दुसरा. बसमध्ये तिकीट काढताना एखादी आजी जन्मभराच्या सवयीने ‘औरंगाबाद’ म्हणते आणि मागच्या सीटवरचा माणूस तिचे मतदान सांगून मोकळा होतो. नातू ‘संभाजीनगर’ म्हणतो, त्याचेही. शहराचे नाव ऐकायचे आणि त्यावरून माणसाचे काहीच ठरवायचे नाही, एवढाच सराव. चहाचा एक कप संपेपर्यंत जमले तरी पुढच्या पानावर जायला हरकत नाही.

लागणारे साहित्य

मत्तयकृत शुभवर्तमानाचे पाच, सहा आणि सात हे अध्याय. एक कपाट, भरलेले. एक सख्खा भाऊ, शक्यतो वाटणी राहिलेला. एक शेजारी, वरच्या मजल्यावरचा मिळाला तर उत्तम, कारण त्याचे पाणी आपल्या भिंतीत मुरते. गच्चीवर टाकी. बाकीचे शहर पुरवते.

साहित्य मांडताना एक गोष्ट ध्यानात येईल. सहावा अध्याय कसर आणि गंज लागणाऱ्या धनावर, अन्नवस्त्राच्या काळजीवर आहे. सातवा उघडतो तो थेट दुसऱ्याचा न्याय न करण्यावर, आणि लगेच कुसळ-मुसळाची गोष्ट येते. आपण मध्ये पान उलटतो, पुस्तक मिटतो, पुढचा रविवार उजाडतो. मूळ लिखाणात तिथे थांबा नव्हता. अध्यायांची आजची विभागणी तेराव्या शतकातली. म्हणजे दोन्ही गोष्टी एका दमात आल्या आहेत. त्या शेजारी का, याचा आमचा अंदाज असा की सहाव्या अध्यायात पास झालेला माणूस हमखास सातव्यात नापास होतो. ज्याने चार वस्तू सोडल्या त्याला न सोडणारे फार स्पष्ट दिसू लागतात. पुस्तिकेचा सगळा भर या एका अपघाती वळणावर आहे.

टाकी

उद्याची काळजी करू नका ही सूचना ज्या टेकडीवर दिली गेली असे परंपरा मानते, ती गालीलच्या गोड्या पाण्याच्या सरोवराकाठी आहे. श्रोत्यांना तहान लागली तर उतरून जायचे. आपल्यालाही नाथसागर आहे, पन्नासएक किलोमीटरवर, पैठणला. पण नळाला पाणी आता कितव्या दिवशी येणार यावर या शहरातल्या लग्नाच्या तारखा, पाहुण्यांचे मुक्काम आणि धुण्याचे वार ठरतात. ‘धरण उशाला आणि कोरड घशाला’ ही म्हण इथे कोणाला पाठ करावी लागत नाही. अशा गावात उद्याची काळजी न करणारा माणूस परवा आंघोळीला मुकतो.

म्हणून नवशिक्याने घाबरून टाकी विकू नये. लूककृत शुभवर्तमानाच्या बाराव्या अध्यायात एका जमीनदाराची गोष्ट आहे. पीक भरघोस आले, कोठारे पुरेनात, तेव्हा त्याने जुनी पाडून मोठी बांधायचे ठरवले आणि त्याच रात्री त्याचा हिशेब आटोपला. प्रवचनात ही गोष्ट बहुधा साठवण वाईट या अर्थाने येते, आणि ऐकणारे आपल्या फिक्स्ड डिपॉझिटच्या पावत्या आठवून बाकावर चुळबुळतात. ती पुन्हा वाचा. हा माणूस फक्त स्वतःशी बोलतो. माझे पीक, माझी कोठारे, माझा जीव. त्या शेतात कोणी राबले असेल, घरात कोणी असेल, गावात कोणी उपाशी असेल. त्याच्या बोलण्यात एकाही माणसाचे नाव नाही. कोठार वाढले आणि गोष्टीतली माणसे संपली.

टाकीवरचा सराव तीन पातळ्यांचा आहे. पहिली पातळी, टाकी भरून वाहू लागली की मोटर बंद करणे. दुसरी, घरी धुणीभांडी करायला येणाऱ्या ताईंच्या वस्तीत टँकर कोणत्या वारी येतो हे आपल्याला ठाऊक असणे. तिसरी, त्यांना दोन हंडे भरून देणे आणि ते रविवारी कोणाला न सांगणे. तिसऱ्या पातळीवर पोहोचलेले साधक आम्हाला अजून भेटलेले नाहीत. भेटले असतील तरी कळणार कसे.

वस्त्र

राजा शलमोनसुद्धा ऐन वैभवात रानफुलांइतका नटला नव्हता, असे प्रवचनात म्हटले आहे. पैठणीच्या गावापासून तासाभराच्या अंतरावर राहणाऱ्यांना हे सांगायला धाडस लागते. पदरावर मोर विणायला कारागीर महिनोन्महिने मागावर बसतो, त्याची चूल त्या मोरावर पेटते. जिला जमेल तिने खुशाल नेसावी. इथली सूचना मागच्या बाकावर बसून साडीच्या किमतीचा अंदाज बांधणाऱ्यांना आहे. नाताळच्या उपासनेत पुरुष यात मागे असतात असे समजू नये. ते अंदाज पार्किंगमध्ये बांधतात.

याकोबाच्या पत्रात एका मंडळीची कानउघाडणी आहे. सोन्याची अंगठी घातलेला आत आला की त्याला चांगली जागा, आणि मळक्या कपड्यातल्याला उभे राहा नाही तर पायाशी बस. पत्र पहिल्या शतकातले मानतात. आपल्याकडच्या कार्यक्रमांत पहिल्या रांगेत मांडलेला सोफा आणि मागच्या प्लास्टिकच्या खुर्च्या लिहिणाऱ्याने पाहिल्या नसतील, पण वर्णन जुळते.

वाटणी

कोठाराची गोष्ट सांगायला जो प्रसंग कारण झाला, तो मराठवाड्यात कोणाला समजावून द्यावा लागत नाही. गर्दीतला एक जण येशूला म्हणतो की माझ्या भावाला वतनाचा वाटा द्यायला सांगा. येशू चक्क नकार देतो. मला तुमचा निवाडा करायला कोणी नेमले, असा उलट प्रश्न करतो, लोभापासून जपा असे सर्वांनाच बजावतो आणि कोठाराची गोष्ट सुरू करतो. दोन्ही धडे एकाच जागी येतात ते इथे. वाटा मागणाऱ्याला लोभाची जाणीव करून दिली, आणि त्याच वेळी न्यायाधीशाच्या खुर्चीत बसायलाही नकार दिला. तक्रारदाराची बाजू खरी असेलही. थोरल्याने हिस्सा दाबला असेल. तरीही सातबारा उघडला गेला नाही.

आपल्या भागात सातबारा सतत उघडा असतो. शेंद्रा-बिडकीनच्या औद्योगिक पट्ट्यासाठी जमिनी गेल्या, समृद्धी महामार्गासाठी गेल्या, मोबदला आला, आणि ज्या चुलत्यांची नावे फक्त लग्नपत्रिकेत लागत होती ती सातबाऱ्यावर शोधली जाऊ लागली. ख्रिस्ती घरे याला अपवाद नाहीत. ख्रिस्ती संस्थांच्या जागांचे दावेही महाराष्ट्रातल्या कोर्टांना नवे नाहीत.

हक्क सोडून द्या असे ही पुस्तिका सांगत नाही. बहिणींनी तर मुळीच सोडू नये. हक्कसोडपत्रावर बहिणीची सही घेताना भावांना जे अध्यात्म सुचते, माया कशाला, वर काय न्यायचे आहे, तो वैराग्याचा सर्वांत स्वस्त प्रकार होय: दुसऱ्याकडून करून घेतलेला. दावा लावायचा तर लावा. मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ या शहरात १९८१ पासून आहे, जालना रोडवर त्याची प्रशस्त इमारत आहे, आणि वकिलांचा तुटवडा आहे असे कोणी म्हणणार नाही. निवाडा तिथे होऊ द्या. पुरावा लागतो, उलटतपासणी होते, वर अपील असते. ‘तो पहिल्यापासूनच तसला’ हे वाक्य आपण ताटावर बसून ज्या कोर्टात उच्चारतो, त्या कोर्टात यातले काहीच नसते. प्रतिवादी हजरसुद्धा नसतो.

प्रगत सराव: दीडशे मर्सिडीज

ऑक्टोबर २०१० मध्ये शहरातल्या उद्योजक-व्यावसायिकांनी एकत्र येऊन एका दमात १५० मर्सिडीज गाड्या घेतल्या. व्यवहार ६५ कोटींच्या घरातला. शहराचे नाव देशभर झाले, आणि तेच हवे होते असेही सांगितले गेले. वर्ष सरता सरता पत्रकार पी. साईनाथ यांनी ‘द हिंदू’मध्ये या व्यवहाराची दुसरी बाजू मांडली. त्यातली मोठी रक्कम स्टेट बँकेने ७ टक्के व्याजाने दिली होती, आणि मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला ट्रॅक्टरच्या कर्जावर १२ टक्के आणि त्याहून जास्त मोजावे लागत होते.

आता सराव. मागचा परिच्छेद वाचताना छातीत जी ऊब आली ती तपासा. ती ट्रॅक्टरवाल्याविषयीची कळकळ होती की मर्सिडीजवाल्याविषयीचा निकाल? दोन्ही एकाच रिक्षाने येतात, म्हणून गफलत होते. साईनाथांनी व्याजदर मोजले. ते मोजलेच पाहिजेत, आणि बँकेला जाबही विचारला पाहिजे. आपण सिग्नलला थांबतो, शेजारी ती गाडी येऊन उभी राहते, आणि आपण काळ्या काचेतून आतल्या माणसाचे मन मोजतो. काचेतून काहीही दिसत नाही. मोजमाप तरी पूर्ण होते. दुचाकीवर बसून केलेल्या निवाड्यात विशेष सुख असते, कारण त्यात आपला गरिबीचा भत्ता मिळवलेला असतो. त्याच वेळी फुटपाथवरचा माणूस आपल्या दुचाकीकडे पाहत असतो, हे त्या गडबडीत राहून जाते.

कळकळ आणि निकाल वेगळे करण्याची एक ढोबळ पद्धत आहे. कळकळ असेल तर माणूस ट्रॅक्टरच्या व्याजदराची पुढची बातमी शोधतो. निकाल असेल तर गाड्यांची.

सर्वांत जुना निकाल

संपत्तीच्या लोभाचा आरोप नेहमी वरच्या दिशेने जातो अशी समजूत आहे. या भागातला सर्वांत टिकाऊ आरोप खालच्या दिशेने गेला.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पारशी घरातून ख्रिस्ती झालेले रेव्हरंड रतनजी नवरोजी चर्च मिशनरी सोसायटीच्या वतीने औरंगाबादेत काम करत होते. जालन्याजवळ ब्राह्मण घरातून आलेल्या नारायण शेषाद्रींनी बेथेल वसवले होते. त्याच काळात १८७६ ते ७८, मग १८९६-९७, मग १८९९-१९०० असे दुष्काळ दख्खनवर कोसळले. गावकुसाबाहेर ठेवलेली कुटुंबे मिशनच्या दाराशी आली. जी राहिली त्यांना नाव पडले: दुष्काळी ख्रिस्ती. भाकरीसाठी बाटलेले. बाहेरच्यांनी ते ठेवले, आतल्यांनीही क्वचित वापरले, आणि ज्यांनी तो दुष्काळ पाहिलाही नाही अशा पणतवंडांपर्यंत ते पोहोचले.

ज्याच्याजवळ भाकरी नाही त्याच्या भुकेला लोभ म्हणणारा माणूस बहुधा जेवून उठलेला असतो. शिवाय ती कुटुंबे भाकरीबरोबर पाटी-पेन्सिलही घेत होती, नावाने मारलेली हाक घेत होती, आणि विहिरीच्या काठावर उभे राहण्याचा हक्क घेत होती. यातल्या कशासाठी किती टक्के आली, हा हिशेब मागणाऱ्यांनी मंदिरात, मशिदीत, मठात जाणाऱ्या सुखवस्तू माणसाकडे तो कधी मागितला नाही. मुलाला बढती मिळू दे म्हणून नवस बोलणाऱ्याला कोणी बढतीचा भक्त म्हणत नाही.

योहानाच्या सहाव्या अध्यायात येशू लोकांना तोंडावर सांगतो खरे, की तुम्ही पोटभर भाकरी खाल्लीत म्हणून मला शोधत आलात. पण ते सांगतो पाच हजारांची पंगत उठल्यावर, दुसऱ्या दिवशी. आधी हेतू तपासून मग वाढले, असे तिथे नाही. पैठणच्या एकनाथ महाराजांनी श्राद्धाचा स्वयंपाक दारातल्या भुकेल्या अस्पृश्यांना वाढला अशी कथा आहे. त्या कथेतही हेतूची चौकशी नाही, आणि चौकशी करायला टपलेले लोक मात्र भरपूर आहेत.

अधिकृत मार्गदर्शक

नवशिक्यांसाठी पुस्तिका काढण्याची कल्पना आमची नव्हे. इथला कॅथॉलिक धर्मप्रांत १९७७ मध्ये झाला. त्याचे कॅथीड्रल ज्यांच्या नावाचे, ते सेंट फ्रान्सिस डी सेल्स (१५६७–१६२२) हे जिनिव्हाचे बिशप. १६०९ मध्ये त्यांनी संसारी माणसांसाठी, दुकान चालवणाऱ्या आणि लेकरे सांभाळणाऱ्यांसाठी, भक्तिजीवनाची एक मार्गदर्शिका छापली. या शहरातल्या कित्येक पिढ्या त्यांच्या नावाच्या शाळेत शिकल्या, त्यांचे नाव शर्टाच्या खिशावर वागवले आणि त्यांच्या पुस्तकाचे पान न उघडता दहावी पास झाल्या.

श्रीमंतांना ते सगळे टाका म्हणत नाहीत. औषधे विकणाऱ्याकडे विषे असतात तरी तो मरत नाही, कारण विष दुकानात असते, पोटात नसते. संपत्तीचे तसेच, असे त्यांचे म्हणणे. आमची एकच हरकत अशी की नवशिक्याला दुकान कुठे संपले आणि पोट कुठे सुरू झाले ते कळत नाही. त्यासाठी त्यांनी चाचणीही दिली आहे. एखादी वस्तू हरवू द्या आणि किती तळमळता ते पाहा. मोबाइलवर ही चाचणी घेऊ नये, निकाल सर्वांचा एकच येतो.

दुसऱ्याचा न्याय करण्यावर ते जास्त कडक आहेत. माणसाजवळ काळजे दोन, एक स्वतःसाठी मऊ आणि एक शेजाऱ्यासाठी दगडाचे. आपला माल चढ्या भावाने विकायचा आणि शेजाऱ्याचा पाडून घ्यायचा. मोंढ्यात वावरलेल्याला याच्यावर भाष्य नको. उतावळ्या निवाड्यावरचा त्यांचा उतारा मात्र गमतीचा आहे. एक वनस्पती प्यायली की जिकडेतिकडे साप दिसतात आणि त्यावर ताडी पाजावी, अशी जुन्या काळची समजूत होती. ती सांगून ते म्हणतात, मत्सर आणि गर्व गिळलेल्याला जिकडेतिकडे पाप दिसते, त्याने प्रेमाची मात्रा घ्यावी. यातला ताडीचा भाग घरी करून पाहू नये.

१९२३ मध्ये पोप पायस अकरावे यांनी या संतांना लेखक आणि पत्रकारांचे आश्रयदाते म्हणून जाहीर केले. न्याय करू नका असे बजावणाऱ्याच्या पदरात नेमका हाच धंदा टाकला. रोमने हा विनोद केला की आणीबाणीचा उपाय, हे आम्ही पत्रकारांवर सोडतो.

धोक्याची सूचना

सोडण्याचीही नशा चढते, आणि ती उतरायला वेळ लागतो.

लूकच्या अठराव्या अध्यायातला परूशी आठवा. आठवड्यातून दोन उपवास, सगळ्या मिळकतीचा दशांश. तो खोटे बोलत नव्हता, हे आपण विसरतो. उपवास खरे होते, दशांश खरोखर दिलेला होता. फक्त त्याच्या प्रार्थनेत देवाचे आभार मानता मानता बाजूला उभा असलेला जकातदार शिरला, आणि सगळी जमा त्या एका ओळीत गेली. मंडळीत कापणीच्या सणाला लिलाव होतो, तेव्हा याचे बारीक रूप दिसते. चाळीस रुपयांचा भोपळा कोणी हजाराला घेतो, पैसे मंडळीच्या कामाला जातात, सगळे चांगलेच. पण काही भोपळे वर्षभर बोलण्यात शिजत राहतात, आणि पुढच्या कापणीला ‘काहींनी तर काहीच बोली लावली नाही’ अशी फोडणी पडते. अलीकडे कमी वस्तूंत राहण्याची टूम आली आहे, तिथेही हेच. घरातले कपाट रिकामे झाले आणि जागा झाली म्हणून शेजाऱ्याच्या कपाटाविषयीचे मत तिथे ठेवले.

दुसरा धोका याहून मोठा. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये अमेरिकन मराठी मिशनचा पगार सोडला, ‘देवाचा दरबार’ मांडला, आणि १९१९ मध्ये ते गेले. त्या सोडण्याची थोरवी कोणी नाकारत नाही. पण या विषयाची व्यवहारातली बाजू समजून घ्यायची असेल तर लक्ष्मीबाई टिळकांचे ‘स्मृतिचित्रे’ हाती घ्यावे. कवी नवऱ्याच्या हातात पैसा टिकत नाही, कोणाचे दुःख दिसले की खिसा रिकामा होतो, आणि आत चूल बाईंना पेटवायची असते. सोडणारा एक असतो, सोसणारी दुसरी असते, आणि त्यागी म्हणून नोंद पहिल्याची होते. लक्ष्मीबाईंचे मोठेपण असे की त्या हे सगळे सांगतात, काही लपवत नाहीत, वाचणाऱ्याला पोट धरून हसवतात, आणि नवऱ्यावर निकाल मात्र देत नाहीत. आमच्या मते त्या घरात सातव्या अध्यायात पहिला नंबर बाईंचा होता. टिळकभक्त रागावतील, रागावोत.

त्याग करण्यापूर्वी घरातल्या माणसांना विचारावे.

नेहमीच्या तक्रारी

शेजारी नळाला थेट मोटर लावून पाणी ओढतो, न्याय करायचा नाही म्हणून गप्प बसू का? नाही. महापालिकेत अर्ज द्या, पोच घ्या. अर्जात मोटरचा उल्लेख असावा. शेजाऱ्याच्या गावाचा, जातीचा, धर्माचा आणि वडिलांच्या धंद्याचा नसावा.

म्हणजे दुसऱ्याच्या डोळ्यातले कुसळ काढायचेच नाही का? काढायचे आहे. पहिले अर्धे वाक्य सगळ्यांना पाठ असते, दुसरे कोणी वाचत नाही. आधी आपले मुसळ काढ, म्हणजे भावाच्या डोळ्यातले कुसळ काढायला नीट दिसेल, असे ते आहे. हा सुताराच्या घरात वाढलेल्या माणसाचा विनोद आहे, आणि तो डोळ्यांपुढे आणून पाहावा. डोळ्यात मुसळ असलेला सद्‌गृहस्थ मदतीच्या भावनेने भावाच्या तोंडाजवळ वाकतो. भावाचे दात पडतात.

आमचे पाळकसाहेब साधेपणावर बोलतात आणि स्वतः मोठ्या गाडीतून येतात. या तक्रारीसाठी पुस्तिकेचे पहिले पान पुन्हा उघडावे, तिसरा गट पाहावा.

क्रमाविषयी

आधी सोस सोडायचा, मग निवाडे, असा क्रम आपण मत्तयावरून घेतला. लूककडे एक वेगळा क्रम सापडतो, आणि ज्यांना पहिला जमला नाही त्यांनी तो करून पाहावा.

अठराव्या अध्यायात एक श्रीमंत अधिकारी येतो. त्याला सगळे विकून गरिबांना वाटायला सांगितले जाते, आणि तो फार खिन्न होतो. सुईच्या नेढ्यातला सुप्रसिद्ध उंट इथलाच. पान उलटले की एकोणिसाव्यात यरीहोचा मुख्य जकातदार जक्कय येतो. ठेंगणा, पैसेवाला, गावाच्या मनातून उतरलेला. गर्दीत दिसेना म्हणून उंबरावर चढला आहे. येशू त्याला काहीही सोडायला सांगत नाही. खाली उतर, मुक्काम तुझ्याकडे, एवढेच म्हणतो. गाव कुरकुरते की हा पाप्याच्या घरी पाहुणा गेला. आणि जक्कय आपण होऊन उभा राहतो, अर्धी मालमत्ता गरिबांना देतो म्हणतो, ज्यांना नाडले त्यांना चौपट परत करतो म्हणतो. त्या घरात त्याला त्याच्या मिळकतीविषयी कोणी प्रश्न विचारल्याची नोंद नाही. आधी निवाडा बाजूला राहिला, सोस मागाहून आपोआप सुटला. उंटावर प्रवचने पुष्कळ झाली. उंबरावर व्हायला हवीत.

तेव्हा शेवटचा सराव. ज्या पैसेवाल्याविषयी तुमचे मत पक्के झालेले आहे, त्याच्याकडून जेवणाचे बोलावणे आले तर जा. नान-खलिया असेल तर दुसऱ्यांदा मागून घ्या. घर केवढ्याला पडले, हे विचारू नका. झुंबराखाली बसलात तर वर पाहू नका. निघताना त्याच्या आईच्या पाया पडा. परतताना गाडीवर मागे बसलेल्या माणसाला त्या घराविषयी बरेच काही बोलायचे असेल, तुम्हालाही असेल. ते सेव्हन हिल्सचा उड्डाणपूल उतरेपर्यंत थांबवा. नवशिक्यासाठी तेवढे अंतर पुरे.